हंसाचं एकटं पिल्लू घरी उबवणं आणि वाढवणं

हंसाचं एखादं अंडं घरी मशीनमध्ये नाहीतर खुडूक कोंबडीखाली उबवायचं आणि त्यातून निघालेलं एकुलतं एक पिल्लू माणसानेच मोठं करायचं, असा हा प्रकार. हंस म्हणजे इथे पाळीव गूज, गोव्यात कुठेकुठे जुन्या घरांच्या परसात किंवा भाटात, म्हणजे नारळाच्या बागेत, फिरणारा, चोचीच्या मुळाशी गाठ असलेला पांढरा नाहीतर करडा पक्षी, जो गेटवर अनोळखी माणूस दिसला की कुत्र्याच्या आधी ओरडतो. ही गाठवाली जात पूर्व आशियातल्या जंगली गूजपासून आली, युरोपातल्या बहुतेक पाळीव जाती ग्रेलॅग गूजपासून. जंगली पक्ष्यांचा यात काही संबंध नाही, करमळीच्या तळ्यावर दिसणाऱ्या अडईसारख्या पाणपक्ष्यांची अंडी किंवा पिल्लं उचलून घरी आणणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

एकटं अंडं हातात येतं ते बहुतेक वेळा ठरवून नाही. आधी फुटलेली पिल्लं घेऊन मादी घरट्यावरून उठून जाते आणि एक अंडं मागे राहतं, किंवा मुंगसाने बाकीची संपवलेली असतात, किंवा शेजारी म्हणतात एकच आहे, बघा जमलं तर. उबवणं त्यातल्या त्यात सोपं, महिन्याभराचं काम. खरी जबाबदारी पिल्लू बाहेर आल्यावर सुरू होते कारण हा कळपाचा पक्षी आहे आणि एकटं राहणं त्याला जमतच नाही.

अंडं 28 ते 32 दिवसांत फुटतं, जातीप्रमाणे मागेपुढे. पंखावाल्या मशीनमध्ये 37.5 अंश सेल्सियस ठेवायचं, पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला अर्धा ते एक अंश जास्त. अंडं आडवं ठेवून दिवसातून चार-पाच वेळा फिरवायचं, एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला की गोंधळ होत नाही. कोंबडीखाली ठेवलं तरी फिरवायचं काम आपलंच, कारण हंसाचं अंडं दीडशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि कोंबडीला ते नीट वळवता येत नाही. आठवड्यानंतर अंधारात मागून टॉर्च लावून बघितलं की लाल शिरांचं जाळं दिसतं, नाही दिसलं तर अजून दोनतीन दिवस थांबून परत बघायचं. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंडं गार होऊ द्यायचं आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारायचा, मादी चरायला उठते तेव्हा नेमकं हेच होतं.

गोव्यात खरी गंमत आर्द्रतेची. पुस्तकी आकडा 50 ते 55 टक्के, आणि लोक मशीनमधल्या ट्रेमध्ये डोळे झाकून पाणी ओततात. पावसाळ्यात बाहेर 27 अंश आणि 90 टक्के दमटपणा असतो, तीच हवा मशीनमध्ये 37.5 पर्यंत तापली की तिचा दमटपणा आपोआप 50 च्या आसपास येतो, म्हणजे जून-जुलैत पहिले चार आठवडे ट्रे कोरडा ठेवला तरी चालतं, उलट पाणी घातलं तर अंड्यातलं पाणी हवं तेवढं उडत नाही आणि पिल्लू आतच फुगून अडकतं. डिसेंबरच्या रात्री मात्र तोच हिशोब 30 टक्क्यांवर येतो, तेव्हा पाणी हवंच. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे किचनचा वजनकाटा, पहिल्या दिवसापासून फिरवणं बंद करेपर्यंत अंड्याचं वजन साधारण 12 ते 15 टक्के कमी झालं पाहिजे, 150 ग्रॅमचं अंडं 130 च्या जवळपास यायला हवं. लाइट गेली तर घाबरून झाकण उघडून बघत बसू नये, वरून जाड टॉवेल टाकून मशीन बंदच ठेवावं, तास-दीड तास अंडं सहज तग धरतं.

शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद, आर्द्रता 70 च्या वर. आधी टॉर्चमध्ये हवेची पोकळी तिरकी झालेली दिसते, मग तिच्यात चोचीची सावली हलताना दिसते, आणि कान लावला तर आतून बारीक चिवचिव येते. मग कवचावर एक तारा उमटतो, एक छोटी चीर, आणि त्यानंतर काहीच नाही. बारा तास, चोवीस तास, कधी दोन दिवससुद्धा. इथेच माणसं धीर सोडतात आणि चिमट्याने कवच सोलायला घेतात, ते करू नका. त्या वेळात पिल्लू फुफ्फुसाने श्वास घ्यायला शिकत असतं, पडद्यातल्या शिरांमधलं रक्त आत ओढून घेत असतं, उरलेला बलक पोटात घेत असतं, आणि घाईत पडदा फाटला तर रक्त वाहून जातं. आपण फक्त जवळ बसून हळू आवाजात बोलायचं, आतून उत्तर येतं.

बाहेर आल्यावरचे पहिले काही तास, फार तर दीड दिवस, ही वेळ महत्त्वाची. त्या वेळात जी हलणारी, आवाज करणारी गोष्ट समोर दिसते तिलाच पिल्लू आई समजतं, याला इंप्रिंटिंग म्हणतात. जर्मनीच्या ओस्कर हाइनरोथने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंसांमध्ये नोंदवलं होतं, पुढे ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झने ग्रेलॅग पिल्लं स्वतःच्या मागे फिरवत 1935 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं, आणि 1973 चं नोबेल त्याला कार्ल फोन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत मिळालं. पिल्लू मागेमागे येतं हे बघायला फार गोड वाटतं, पण त्याच्या बाजूने बघितलं तर आपण दिसेनासे झालो की आई हरवली, दिवसातून वीस वेळा.

त्याची भाषा दोन दिवसांत कळायला लागते. खूश असेल तर मऊ, थरथरती शीळ, झोप आली की तीच अजून बारीक. एकटं पडलं की मोठ्याने, एका लयीत, न थांबता टाहो, आणि आपण "ये रे, हा बघ मी" म्हटलं की अर्ध्यातच थांबतो. म्हणून रात्री खोका पलंगाजवळ ठेवून अधूनमधून हात आत सोडावा लागतो. आरसा, सॉफ्ट टॉय, पिसांचा झाडू यांनी तात्पुरतं भागतं. कायमचा उपाय एकच, दुसरं पिल्लू. अंडं मशीनमध्ये ठेवतानाच शोधाशोध सुरू करावी, हंसाचं नाही मिळालं तर त्याच वयाचं बदकाचं पिल्लूही चालतं, पहिल्याच आठवड्यात आणलं तर दोघं पटकन जुळतात. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाने सोबतीशिवाय हे करूच नये असं स्पष्ट सांगावंसं वाटतं.

ऊब पहिल्या आठवड्यात 32 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. एप्रिल-मेमध्ये इथे दिवसा बल्ब लावायची गरजच नसते, पावसाळी रात्री लागते. बल्ब खोक्याच्या एका कोपऱ्यात, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला लांब सरकता येतं. जुन्या घरांतली गुळगुळीत लाद्यांची जमीन आणि फ्लॅटमधल्या टाइल्स पिल्लाच्या पायाच्या वैरी, पाय घसरून दोन्हीकडे फाकतात आणि तसेच राहू शकतात, म्हणून खाली गोणपाट किंवा जुना टॉवेल. दमट पेंढा घालू नये, त्यातल्या बुरशीने फुफ्फुसं बिघडतात.

खायला चिक-स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, चालतं, प्रोटीन 20 टक्क्यांच्या आसपास, पण औषध मिसळलेलं आहे का ते पिशवीवर वाचून व्हेटला विचारून घ्यावं. कोंबडीच्या खाद्यात एक उणीव असते ती नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाची. ब्रॉयलरच्या पिल्लाला किलोभर खाद्यात साधारण 35 मिलीग्रॅम पुरतं, हंसाच्या पिल्लाला 65 लागतं, कमी पडलं तर पाय वाकतात आणि पिल्लू बसूनच राहतं. खाद्यावर ब्रुअर्स यीस्ट भुरभुरलं की काम होतं. बाकी कोवळी हरळी, बारीक चिरलेली तांबडी भाजी, आणि गवत खायला लागलं की चिमूटभर बारीक वाळू. उकड्या तांदळाची पेज किंवा पाव प्रेमाने देतात लोक, पोट भरतं पण पोषण नाही. चौथ्या आठवड्यापासून प्रोटीन 15 टक्क्यांवर आणावं आणि चरणं वाढवावं, नाहीतर पंखाचा शेवटचा सांधा बाहेर वळतो. तो लगेच लक्षात आला तर काही दिवस पंख घडी करून मऊ टेपने बांधला की बरेचदा सरळ होतो.

प्यायचं पाणी एवढं खोल हवं की नाकपुड्या बुडतील, पण पिल्लू आत पडून भिजणार नाही. आईच्या पिसांचं तेल एकट्या पिल्लाला मिळत नाही, त्यामुळे पोहायला सोडलं तर मिनिटांत भिजून गारठतं. दुसऱ्या आठवड्यात उन्हाच्या वेळी कोमट पाण्याचा टब, पाच मिनिटं, आपण समोर बसून, आणि लगेच पुसून ऊब.

परसात सोडताना वरून कावळा आणि घार, खालून मुंगूस आणि भटके कुत्रे. रात्री उदमांजर येतं, धामण पत्र्याखालच्या फटीतून शिरते, तेव्हा पिंजऱ्याला कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी नको, बारीक वेल्डमेश हवी, खालूनसुद्धा.

आठ-दहा आठवड्यांत पूर्ण पिसं येतात, आणि मग दोन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे आवाज, पणजी-मडगावच्या सोसायटीत हे निभत नाही. दुसरी म्हणजे नर असेल तर वयात आल्यावर, विणीच्या दिवसांत, तो माणसालाच जोडीदार किंवा प्रतिस्पर्धी समजतो आणि पंखाच्या हाडाने घातलेला फटका लहान मुलाला जबर लागतो. त्यामुळे तिसऱ्या महिन्याच्या आत त्याला इतर हंसांची सवय लावलेली बरी, आधी आठवडाभर मध्ये जाळी ठेवून, मग संध्याकाळी चरायला एकत्र, आपण थोडं लांब बसून. हंस वीस वर्षंसुद्धा जगतो. गोव्यात घरची माणसं बोटीवर नोकरीला जातात, लंडनला जातात, घराला कुलूप लागतं, म्हणून ज्याच्याकडे आधीच चार हंस आहेत आणि मोठं भाट आहे अशा कोणाशी अंडं उबवायला ठेवण्याआधीच बोलून ठेवावं.