कॅरोलिनातील भातशेती आणि गुलामांचा व्यापार

ब्रिटिश अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना वसाहतीच्या सखल किनारपट्टीवर सतराव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिलेली, आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर चालणारी निर्यातप्रधान शेतीव्यवस्था. चार्ल्स टाउन (सध्याचे चार्ल्सटन) १६७० मध्ये वसले. आरंभीचे बरेच वसाहतकरी बार्बेडोसहून आले, ते तिथली गुलामगिरीची रीत घेऊनच. गुरे, हरणांची कातडी, डांबर आणि पकडलेल्या मूळ रहिवाशांची विक्री यांवर वसाहतीने प्रथम जम बसवला. भात प्रमुख पीक झाले ते साधारणपणे १७०० च्या आगेमागे. १७०८ च्या सुमारास कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांहून अधिक झाली होती.

भाताचे मूळ वादग्रस्त आहे. मादागास्करहून आलेल्या एका जहाजाच्या कप्तानाने १६८५ च्या सुमारास वसाहतकरी हेन्री वुडवर्ड यांना बियाणे दिले, ही पारंपरिक कथा बरीच नंतर लिहिली गेली असल्याने जपूनच घ्यावी लागते. बियाणे एकाहून अधिक वेळा आले असावे. पीटर वुड (१९७४), डॅनियल लिटलफील्ड (१९८१) व ज्युडिथ कार्नी (२००१) या अभ्यासकांनी पश्चिम आफ्रिकेतील भात पिकवणाऱ्या लोकांच्या कौशल्यावर भर दिला. उलट एल्टिस, मॉर्गन व रिचर्डसन (२००७) यांनी जहाजांच्या फेऱ्यांच्या नोंदींवरून तो दावा अतिशयोक्त ठरवला. भातशेती झपाट्याने वाढत होती त्या १७३० च्या दशकात गुलाम पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या भागातून नव्हे, तर मुख्यतः अंगोलाकडून येत होते, हा त्यांच्या बाजूचा ठोस मुद्दा. पुढे नावाजलेले ‘कॅरोलिना गोल्ड’ वाणही आशियाई जातीचे आहे, आफ्रिकी ग्लाबेरिमा जातीचे नव्हे. मात्र वाण कोठले आणि कसब कोणाचे, हे प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. टाचेने माती दाबून बी पेरणे, उखळ-मुसळाने कांडणे, गवताच्या वळ्यांच्या चपट्या टोपल्यांतून पाखडणे या कामांत आफ्रिकी छाप स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या मध्यानंतरची, भरतीने तुंबणारे नदीचे गोडे पाणी बांधातील उघाडीतून खाचरात घेण्याची पद्धत बहुधा मिश्र वळणाची असावी.

हिवतापाच्या दलदलीत मृत्युमान मोठे असल्याने आयातीची मागणी टिकून राहिली. उलट तंबाखू पिकवणाऱ्या चेसापीक भागात (व्हर्जिनिया व मेरीलँड) गुलामांची संख्या जन्मानेच वाढू लागली होती. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनातच झालेल्या गुलामांच्या स्टोनो उठावानंतर जबर आयातकर लावून ही आयात काही वर्षे जवळजवळ थांबवण्यात आली. सिएरा लिओनच्या बन्स बेटावरून येणाऱ्या गुलामांच्या विक्रीत चार्ल्स टाउनचे व्यापारी हेन्री लॉरेन्स अडते होते. १७४० च्या दशकात भाताला निळीच्या पिकाची जोड मिळाली.

शेजारच्या जॉर्जियात १७३५ पासून गुलामगिरीला मनाई होती. ती १७५१ मध्ये उठल्यावर कॅरोलिनातील मळेवाले गुलामांसह सव्हाना नदीपलीकडे सरकले.