द अ‍ॅस्ट्रॉनॉमर (व्हर्मीरचं चित्र): प्रतीकं आणि अर्थ

डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं तैलचित्र, साधारण ५१ बाय ४५ सेंमी. कपाटावर सही आणि रोमन आकड्यांत १६६८ साल दिसतं, ते नंतर कोणी घातलं असावं अशी शंका घेतली गेलीय, तरी शैली बघता साल पटतं. झगा घातलेला अभ्यासक खिडकीशी बसून आकाशातले तारे दाखवणाऱ्या गोलाकडे हात नेतोय, प्रसंग एवढाच. गोल नकाशे-गोल बनवणाऱ्या होंडिअसचा, त्यावर डावीकडे सप्तर्षींचा ‘मोठं अस्वल’ हा तारकासमूह ओळखू येतो.

अर्थाची चावी मात्र टेबलावरच्या उघड्या पुस्तकात आहे. जेम्स वेलू या अभ्यासकाने ते डच खगोलशास्त्रज्ञ मेटियसचं खगोल-भूगोलावरचं पुस्तक म्हणून ओळखलं, १६२१ची आवृत्ती, तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला उघडलेली, आणि नेमकं तिथे मेटियस सांगतो की भूमिती आणि उपकरणांच्या जोडीला देवाची प्रेरणाही हवी. मग मागे भिंतीवर टांगलेलं, नदीत सापडलेल्या बाळ मोझेसचं चित्र नुसती सजावट वाटत नाही, कारण बायबलप्रमाणे मोझेस इजिप्तच्या सगळ्या विद्येत तयार झालेला होता. काहीजण त्यात फक्त देवाची कृपा बघतात. तेच चित्र व्हर्मीरच्या पत्र लिहिणाऱ्या बाईच्या चित्रातही बरंच मोठं होऊन येतं, त्यामुळे ते घरातच असेल म्हणून वापरलं असंही म्हणता येईल, पण पुस्तकाचं पान इतकं काळजीपूर्वक रंगवलेलं असताना विद्येचा अर्थच जास्त जुळतो.

हा माणूस म्हणजे सूक्ष्मदर्शकवाला लीवेनहॉक, हे मत फार लोकप्रिय आहे. तो आणि व्हर्मीर दोघंही १६३२चे, दोघंही डेल्फ्ट शहराचे, १६६९मध्ये लीवेनहॉक सर्व्हेअरची परीक्षा पास झाला आणि १६७६मध्ये व्हर्मीरच्या मागे राहिलेल्या मालमत्तेची व्यवस्था त्याच्याकडेच सोपवली गेली, म्हणजे धागे आहेत. पण व्हर्मीर जिवंत असताना दोघांची ओळख होती असं सांगणारा कागद नाही, आणि चित्रकार व्हेर्कोल्येने १६८६च्या सुमारास काढलेल्या लीवेनहॉकच्या पोर्ट्रेटमधला रुंद चेहरा या चित्रातल्या माणसाशी जुळत नाही. ओळख पक्की न धरलेली बरी. व्हर्मीरच्याच १६६९च्या ‘जिओग्राफर’ या चित्रात (आता फ्रँकफर्टला) बहुधा हाच मॉडेल आहे.

१९४०मध्ये नाझींनी हे चित्र पॅरिसमधल्या रॉथशिल्ड कुटुंबाकडून लुटलं, युद्धानंतर ते परत मिळालं, १९८३पासून लूव्रमध्ये आहे.