जागा निघाल्याची बातमी कुणाला कळते?

राज्यशास्त्रात पीएच.डी. संपवत आलेल्या कुणाच्याही दिवसातला बराच वेळ जाहिराती वाचण्यात जातो. पुढे कायम होऊ शकेल असं सहायक प्राध्यापकपद, दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधनवृत्ती), परिषदेसाठी सारांश पाठवायची शेवटची तारीख, प्रवासखर्चाचं अनुदान, उन्हाळी प्रशिक्षणवर्ग. हे सगळं आज एकाच वेळी सर्वांना वाचायला मिळतं, त्यामुळे पूर्वीपासून असंच चालत आलं असावं असा समज होतो. खरं तर जागा निघाल्याची बातमी उघडपणे सांगायची, हा नियम या विद्याशाखेत जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. त्याआधी बातमी पोचली की नाही, यावरच कोण प्राध्यापक होणार हे बऱ्याच अंशी ठरत असे.

राज्यशास्त्राचं सर्वांत जुनं अध्यासन, म्हणजे त्या विषयासाठी कायम राखलेलं प्राध्यापकपद, स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातलं मानतात. विद्यापीठाचे कुलपती योहान शिट्टे यांनी 1622 मध्ये ‘वक्तृत्व आणि राज्यकारभार’ या विषयासाठी ते स्थापन केलं आणि खर्चासाठी जमिनी लावून दिल्या. चार शतकांनंतरही ते चालू आहे. 1995 पासून त्याच्याच नावाने शिट्टे पुरस्कार दिला जातो, पहिला अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांना मिळाला. पण एक अध्यासन म्हणजे एक माणूस. व्यवसाय म्हणून हा विषय उभा राहायला आणखी अडीचशे वर्षं जावी लागली.

त्या उभारणीच्या तोंडाशी भेटतात फ्रान्सिस लीबर. बर्लिनचे. कोवळ्या वयात नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी झालेले, पुढे राजकीय मतांमुळे प्रशियात तुरुंगात गेलेले. 1827 मध्ये ते अमेरिकेत पोचले. विश्वकोशाचं संपादन केलं, 1835 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना कॉलेजात शिकवायला लागले आणि तिथेच वीस वर्षांहून अधिक काळ अडकून पडले. अडकून पडले असंच म्हणावं लागतं, कारण मन उत्तरेत होतं आणि उत्तरेतल्या विद्यापीठात जागा मिळावी म्हणून ते स्नेह्यांना पत्रांमागून पत्रं लिहीत राहिले. त्याच कॉलेजचं अध्यक्षपद हुकल्यावर त्यांनी राजीनामा दिला. 1857 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात नेमणूक झाली, पदनामात इतिहासाबरोबर ‘राज्यशास्त्र’ हा शब्द आला. अमेरिकेतले पहिले राज्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांचं नाव घेतात ते या नेमणुकीमुळे. पन्नाशी ओलांडलेला एवढा विद्वान माणूस जागेसाठी ओळखीपाळखीवर विसंबून होता, कारण दुसरा मार्गच नव्हता. अर्ज करायचा तर कुठे, हेच कुणी जाहीर करत नसे.

नंतरची पावलं भराभर पडली. पॅरिसमध्ये 1872 साली एमिल बूतमी यांनी राज्यशास्त्राची स्वतंत्र शाळा काढली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ 1876 मध्ये सुरू झालं आणि जर्मन धर्तीचं पीएच.डी. शिक्षण अमेरिकेत रुजलं. जॉन बर्जेस यांनी 1880 मध्ये कोलंबियात राज्यशास्त्राचा पदव्युत्तर विभाग उभा केला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स 1895 मधलं. पदवीधर तयार होऊ लागले, तशी त्यांना जागा लागू लागली.

30 डिसेंबर 1903 रोजी न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनची स्थापना झाली. इतिहासकारांचं आणि अर्थशास्त्रज्ञांचं अधिवेशन तिथे भरलंच होतं, त्याला जोडून. फ्रँक गुडनाउ पहिले अध्यक्ष. 1906 मध्ये संघटनेचं त्रैमासिक निघालं आणि त्यात ‘वार्ता आणि टिपणं’ असं एक सदर होतं. या विषयातल्या व्यावसायिक बातमीचा उगम शोधायचा तर मी या सदराकडे बोट दाखवेन. अमुक विद्यापीठात अमुक गृहस्थांची नेमणूक झाली, अमुक यांना बढती मिळाली, अमुक वर्षभर रजेवर परदेशी गेले, अशा ओळी त्यात येत. त्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: बातमी यायची ती जागा भरल्यावर. रिकामी असताना ती कुणाला कळत होती, हे त्या पानांवरून समजत नाही.

ती कळायची पत्राने. विभागप्रमुखाला माणूस हवा असला की तो दोन-तीन मोठ्या विद्यापीठांतल्या स्नेह्यांना लिहायचा: तुमच्याकडे कुणी होतकरू तरुण आहे का? तिकडून नाव यायचं, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागायचं. यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. शिकवणारे थोडे, शिकणारे थोडे, सगळे एकमेकांना ओळखणारे. पण त्या ओळखीच्या वर्तुळात स्त्रिया नव्हत्या, कृष्णवर्णीय नव्हते, लहान कॉलेजांत शिकलेले नव्हते. ‘होतकरू तरुण’ म्हटल्यावर प्राध्यापकाच्या डोळ्यांसमोर जो चेहरा यायचा, त्यालाच पत्राचा फायदा मिळायचा.

राल्फ बंच यांनी 1934 मध्ये हार्वर्डमधून राज्यशास्त्राची पीएच.डी. घेतली. अमेरिकेत या विषयात ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या प्रबंधाला विद्यापीठाचं पारितोषिकही मिळालं. तरी त्यांचं अध्यापन झालं ते हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात, जिथला राज्यशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला होता. गोऱ्यांच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमण्याचा विचारही त्या काळी सहसा होत नसे. 1950 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि त्यानंतर ते संघटनेचे अध्यक्ष झाले. इतकं कर्तृत्व असेल तेव्हा दार उघडतं, तर त्याहून थोडं कमी असलेल्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला छळतो. त्यांची नावं कुठल्याच सदरात छापून आलेली नाहीत.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची हकिकत तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. गणित पुरेसं झालेलं नाही म्हणून अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्या राज्यशास्त्राकडे आल्या. 1965 मध्ये पदवी हाती पडली. पती व्हिन्सेंट यांना इंडियाना विद्यापीठात पद मिळालं, यांना नाही. मग एका सत्रात विभागाला अडचण पडली: मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसात वाजता पहिल्या वर्षाच्या मुलांना अमेरिकन शासनव्यवस्था शिकवायला माणूस हवा होता. तो तास ऑस्ट्रॉम यांनी घेतला आणि त्या फटीतून त्या विभागात शिरल्या. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. शनिवारी सकाळी साडेसातचा तो तास आणखी कुणी घ्यायला तयार झालं असतं तर, असं मनात येतंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागलं, विद्यापीठं फुगली, जागा इतक्या वाढल्या की पत्रव्यवहार पुरेना. वार्षिक अधिवेशनात नोकरीसाठीच्या भेटीगाठींची सोय झाली. याच सुमारास व्यवसाय देशाबाहेरही जोडला गेला. युनेस्कोच्या पुढाकाराने 1949 मध्ये आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटना स्थापन झाली. तिच्या चार संस्थापक राष्ट्रीय संघटनांत अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांच्या बरोबरीने भारताची होती, ही गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. युरोपात आठ संस्थांनी 1970 मध्ये संशोधनासाठी सामाईक संघ काढला. त्याच्या कार्यशाळांची पद्धत मला फार आवडते: लोक या दालनातून त्या दालनात हिंडत नाहीत, एकाच विषयावर तेच वीसेक जण अनेक दिवस एकत्र बसतात. नवख्या संशोधकाचा निबंध तिथे खरोखर वाचला जातो.

पण मूळ गाठ सुटली ती 1960 च्या दशकाच्या शेवटी. अमेरिकी संघटनेचं ‘पीएस’ हे वार्तापत्र 1968 मध्ये सुरू झालं, व्यवसायाच्या बातम्यांना स्वतंत्र जागा मिळाली. 1969 मध्ये कृष्णवर्णीय राज्यशास्त्रज्ञांची स्वतंत्र राष्ट्रीय परिषद उभी राहिली, स्त्रियांचा गट उभा राहिला, आणि संघटनेला स्त्रियांच्या व्यावसायिक स्थितीवर समिती नेमावी लागली. त्यांची मागणी साधी होती. जागा जाहीर करा. 1972 मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा अमेरिकी कायदा शिक्षणसंस्थांनाही लागू झाला. आता उमेदवार कसे शोधले, हे विद्यापीठांना दाखवता येणं भाग पडलं आणि स्नेह्याला लिहिलेलं पत्र पुरावा म्हणून चालेना. छापील जाहिरात सार्वत्रिक झाली ती अशी. पुढे ती इंटरनेटवर गेली, वेग वाढला, पण तत्त्व तेच राहिलं.

जाहिरात उघडी झाली म्हणजे जागा वाढल्या असं मात्र नाही. एकेका पदाला शेकड्यांनी अर्ज येतात आणि पुष्कळ पदं वर्ष-दोन वर्षांच्या मुदतीची असतात. 2008 च्या मंदीनंतर आणि 2020 च्या साथीत कित्येक विद्यापीठांनी निघालेल्या जागाही मागे घेतल्या. पैशाचे निर्णयही थेट भिडतात. मार्च 2013 मध्ये अमेरिकी काँग्रेसने संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या राज्यशास्त्र अनुदानावर अट घातली की संशोधन राष्ट्रीय सुरक्षेच्या किंवा आर्थिक हिताच्या कामाचं असलं पाहिजे. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ती अट काढून टाकली गेली. मधल्या काळात प्रबंधासाठी पैसे शोधणाऱ्यांचं वर्ष गेलं. 2012 मध्ये तर आयझॅक चक्रीवादळामुळे अमेरिकी संघटनेचं न्यू ऑर्लिन्समधलं अख्खं अधिवेशन रद्द झालं. मोठ्या नावांना त्याची झळ फारशी लागली नसेल. निबंध वाचून चार लोकांच्या लक्षात राहण्याची ज्यांची पहिलीच वेळ होती, त्यांना लागली.

अमेरिकेत आज हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि मुख्य जागांच्या मुदती शरद ऋतूत संपतात. युरोपात जाहिराती वर्षभर येत राहतात. अर्जात परिचयपत्र, संशोधनाचं आणि अध्यापनाचं निवेदन, लेखनाचा नमुना जातो. निवड पुढे सरकली तर विभागासमोर व्याख्यान द्यावं लागतं. यातलं जवळपास सगळं उमेदवाराच्या हातचं असतं. फक्त तीन शिफारसपत्रं त्याच्या हातची नसतात. लीबर यांच्या काळचं ते खाजगी पत्र आता या रूपात अर्जात येऊन बसलं आहे. मार्गदर्शक ते परस्पर पाठवतात, निवड समिती ते वाचते. ज्याच्याविषयी ते लिहिलेलं असतं, त्याला ते सहसा वाचायला मिळत नाही.