ब्राउझरमधल्या नकोशा जाहिराती: मुक्काम कसा हलत गेला, आणि काढताना क्रम का महत्त्वाचा

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात एकाच संगणकावर दोन राज्यांची कामं चालतात. कर्नाटकाची पहाणी, महाराष्ट्राचा सातबारा, नुडीत कन्नड अर्ज आणि श्रीलिपीत मराठी लग्नपत्रिका. त्यासाठी लागणारे फॉन्ट, कन्व्हर्टर, पीडीएफ जोडायची छोटी सॉफ्टवेअर्स बऱ्याचदा ‘फ्री डाउनलोड’च्या पानांवरून उतरवली जातात. मग एक दिवस ब्राउझर उघडल्यावर गूगलऐवजी भलतंच सर्च पान समोर येतं. हे अ‍ॅडवेअर. जाहिराती दाखवण्यासाठी ब्राउझरमध्ये ढवळाढवळ करणारं हे सॉफ्टवेअर काढूनही परत येतं, कारण बहुतेक जण ते पूर्वी जिथे बसायचं तिथेच शोधतात.

सुरुवात 1997 ची. त्या वर्षीच्या इंटरनेट एक्स्प्लोरर 4 मध्ये बाहेरच्या प्रोग्रामला ब्राउझरच्या आत शिरून काम करायची सोय मिळाली. पुढच्या काही वर्षांत टूलबारवाल्यांनी, म्हणजे ब्राउझरच्या वर जादा बटणांची पट्टी बसवणाऱ्यांनी, तिचा पुरेपूर फायदा घेतला. गेटर हा पासवर्ड लक्षात ठेवणारा मदतनीस म्हणून यायचा आणि जाहिराती दाखवायचा. काझासारख्या फुकट प्रोग्रामांबरोबर असले सोबती आपोआप उतरायचे. 2003 च्या सुमाराला आलेल्या कूलवेबसर्चने तर होमपेजच बळकावलं. या सगळ्या प्रकारांवर त्याच काळात अ‍ॅड-अवेअर, स्पायबॉट आणि हायजॅकधिस ही हत्यारं निघाली. ऑगस्ट 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 ने पॉप-अप अडवणं आणि अ‍ॅड-ऑन बंद करणं ही दोन्ही कामं ब्राउझरमध्येच आणली. नेट कॅफेच्या त्या काळात टूलबार बंद केला की काम बऱ्यापैकी भागायचं.

पुढचा काळ आधीच टिक केलेल्या चौकोनांचा. जावाच्या इन्स्टॉलरमध्ये आस्क टूलबारची खूण आधीपासून असायची. डिजिटल सही वापरणाऱ्या अनेक सरकारी संकेतस्थळांना तेव्हा जावा लागायची, म्हणून टेंडर आणि टॅक्सची कामं करणाऱ्या टेबलांवर हा टूलबार हमखास दिसे. तो जावा बसल्यावर दहा मिनिटं थांबून मग बसायचा. लगेच कंट्रोल पॅनेल उघडून पाहणाऱ्याला काहीच सापडायचं नाही, तो निर्धास्त व्हायचा. ही वागणूक मुद्दाम लिहून घडवलेली होती. त्याला अपघात म्हणता येत नाही. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने या टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नकोशा सॉफ्टवेअरमध्ये धरल्या.

त्याच वर्षी फेब्रुवारीत लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवर कारखान्यातूनच आलेलं सुपरफिश उघडकीला आलं. सुरक्षित पानांतही जाहिरात घुसवता यावी म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणती संकेतस्थळं खरी मानायची हे संगणकाला सांगणारा दाखला) बसवलं होतं, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या मशीनवर एकच होती. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट मागे राहायचं. ते विंडोजच्या सर्टिफिकेट यादीतून वेगळं काढावं लागे.

मे 2014 पासून विंडोजवरच्या क्रोमने आपल्या स्टोअरबाहेरची एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) नाकारायला सुरुवात केली. हा खरा अडसर होता. त्यामुळे अ‍ॅडवेअर ब्राउझरच्या बाहेर सरकलं. शॉर्टकटच्या ‘टार्गेट’ ओळीत (शॉर्टकटवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ती दिसते) chrome.exe च्या पुढे पत्ता चिकटवणं, टास्क शेड्युलर या, ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत दर तासाला चालणारं काम ठेवणं आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीतल्या) पॉलिसीतून, म्हणजे संस्थांनी आपल्या संगणकांवर नियम लावण्यासाठी असलेल्या सोयीतून, एक्स्टेन्शन सक्तीने लादणं, हे तीन मार्ग आजही भेटतात. 2017 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने अशाच फायरबॉल नावाच्या प्रकाराचा अहवाल दिला तेव्हा सर्वाधिक बाधित संगणक भारतात, अडीच कोटींच्या वर, असा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने तो आकडा फुगवलेला ठरवला. प्रकार मात्र खराच होता.

म्हणूनच आधी ब्राउझर ‘रीसेट’ करणं, म्हणजे मूळ सेटिंग्जवर आणणं, फुकट जातं: बाहेर बसलेलं काम तासाभरात सगळं पुन्हा लावतं. आधी ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’ तारखेनुसार लावून बिघाड सुरू झाला त्या दिवशीचे अनोळखी प्रोग्राम काढावेत. मग टास्क शेड्युलरमधली अनोळखी कामं आणि डेस्कटॉप, टास्कबार, स्टार्ट मेनू या तिन्ही ठिकाणच्या शॉर्टकटचं टार्गेट पाहावं. अवतरणचिन्ह संपल्यावर संकेतस्थळाचा पत्ता असेल तर तो पुसावा. त्यानंतर एक्स्टेन्शन. एखाद्याचं ‘रिमूव्ह’ बटण चालतच नसेल आणि घरच्या संगणकावर क्रोमच्या मेनूत ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसत असेल, तर पॉलिसी लादलेली असण्याची शक्यता मोठी. काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, म्हणून क्रोमच्या पॉलिसी पानावर (chrome://policy) ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ आहे का ते आधी बघावं, रजिस्ट्रीची प्रत काढावी आणि मगच ती नोंद खोडावी. अ‍ॅडक्लीनर हा सफाईचा प्रोग्राम इथे चांगली साथ देतो. त्यानंतर, सगळ्यात शेवटी, रीसेट. ‘क्रोममधूनच क्लीन अप कंप्युटर करा’ असं सांगणारे जुने मराठी व्हिडिओ आता उपयोगाचे नाहीत. ती सोय मार्च 2023 मध्ये, आवृत्ती 111 पासून निघाली.

सध्याचा मुक्काम नोटिफिकेशनमध्ये आहे. एप्रिल 2015 च्या क्रोम 42 ने संकेतस्थळांना बंद पानातूनही सूचना पाठवू दिल्या, आणि 2016 नंतर स्वस्त डेटामुळे फोन घरोघरी आले. दहावीचा निकाल शोधताना ‘रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ असं पान येतं. ते दाबलं की ‘व्हायरस सापडला’च्या सूचना सुरू. फोनमध्ये किंवा संगणकावर कुठलाही प्रोग्राम आलेला नसतो, त्यामुळे स्कॅन कितीही केलं तरी काही सापडत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ‘अलाउड’ यादीतली अनोळखी नावं काढली की ताबडतोब थांबतं.

सेवा केंद्रांत आणि डीटीपीच्या दुकानांत आणखी एक घोळ होतो. दोन-तीन संगणकांवर एकच गूगल खातं उघडं असतं. एका मशीनवरून काढलेलं एक्स्टेन्शन सिंकमार्गे (एकाच खात्याच्या सगळ्या संगणकांवर सारखं ठेवणाऱ्या सोयीतून) दुसऱ्याकडून परत येतं आणि दोष पहिल्या सफाईला लागतो. आधी सगळीकडे सिंक बंद करावं, प्रत्येक मशीन वरच्या क्रमाने साफ करावं आणि सगळी साफ झाल्यावरच सिंक पुन्हा सुरू करावं.