कनेक्ट, रीड आणि एकूण मुदत: एचटीटीपी क्लायंटमधल्या टाइमआउटची पार्श्वभूमी

एचटीटीपी क्लायंट म्हणजे सर्व्हरला वेबवरून विनंती पाठवणारा प्रोग्राम. समोरचा सर्व्हर गप्प झाला तर किती वेळ थांबायचं (हाच टाइमआउट), हे सुरुवातीला प्रोग्राम ठरवत नव्हता, ऑपरेटिंग सिस्टिम ठरवत होती. आणि डेटा पोचवणारा, हरवला तर पुन्हा पाठवणारा टीसीपी हा नियमसंच मुळातच चिवट. १९८१च्या आरएफसी ७९३ या त्याच्या मानक दस्तऐवजामध्ये पाठवलेला डेटा पोचण्याची डीफॉल्ट मुदत ५ मिनिटं आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षं जोडणीची सुरुवात करणारं सिन पॅकेट ६ वेळा पुन्हा जात असे आणि प्रत्येक प्रतीक्षा दुप्पट होई: १, २, ४ करत ६४ सेकंद, एकूण १२७.

खरा धोका त्यापुढे आहे. विनंती पोचली, पावती आली आणि मग सर्व्हरची वीज गेली, तर पुन्हा पाठवण्यासारखं क्लायंटकडे काहीच उरत नाही. टीसीपीचा कीपअलाइव्ह, म्हणजे शांत जोडणी जिवंत आहे का हे तपासणं, डीफॉल्टने बंद असतो. चालू केला तरी पहिली चाचपणी २ तासांनी. उत्तराची वाट पाहणारा थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) अडकतो तो अडकतोच.

जावाच्या एचटीटीपी वर्गाला कनेक्ट (जोडणी होण्याची मुदत) आणि रीड (डेटा येण्याची मुदत) टाइमआउट २००४मध्ये, जावा ५सोबत मिळाले. डीफॉल्ट मात्र शून्य, म्हणजे अमर्याद. पायथॉनच्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीमध्येही आपण दिल्याशिवाय टाइमआउट नसतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने १०० सेकंद धरले, जावाच्या ओकेएचटीटीपी लायब्ररीने १०. माझ्या मते १०च योग्य वळणाचे आहेत.

सर्वांत मोठा गैरसमज रीड टाइमआउटचा. तो सॉकेटवरच्या (जोडणीच्या आपल्या टोकावरच्या) प्रत्येक वाचनाला लागतो, पूर्ण उत्तराला नाही. ३० सेकंद ठेवले आणि सर्व्हर दर २० सेकंदांनी एकेक बाइट देत राहिला, तर हा टाइमआउट कधीच होणार नाही. म्हणून एकूण मुदत वेगळी लागते. कर्ल या कमांडमध्ये ती मॅक्स-टाइमने देता येते, गो भाषेच्या क्लायंटमध्ये १.३पासून (२०१४), ओकेएचटीटीपीत ३.१२पासून (२०१८).

कनेक्टसाठी ३.०५ सेकंद हा आकडा अनेक ठिकाणी दिसतो. पूर्वी सिन ३ सेकंदांनी पुन्हा जात असे, म्हणून ३पेक्षा किंचित जास्त. २०११च्या आरएफसी ६२९८ने ती प्रतीक्षा १ सेकंदावर आणली. तेव्हापासून दुप्पट होत जाणाऱ्या वेळापत्रकात पुनर्प्रयत्न १ आणि ३ सेकंदांना पडतात, त्यामुळे हा आकडा अजूनही चालतो. रिक्वेस्ट्समध्ये एका नावाचे अनेक आयपी पत्ते असतील तर ही मुदत प्रत्येकाला स्वतंत्र लागते, हे धरून चला.

नवी जोडणी उघडतानाच कनेक्ट टाइमआउट झाला तर विनंती गेलेलीच नसते. बिनधास्त पुन्हा पाठवा. रीड टाइमआउटनंतर सर्व्हरने काम उरकलेलंही असू शकतं, तेव्हा आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे सर्व्हरला ओळखू देणारी खूण) नसलेली पोस्ट प्रकारची, म्हणजे सर्व्हरवर काही घडवणारी, विनंती आपोआप पुन्हा पाठवू नका. पैसे दोनदा कापले जातात ते इथेच.