ताप उतरला, मग रक्त का उतरलं?

विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात गलाईचा, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा करणारी घरं गावोगाव आहेत. सोन्याचांदीच्या गलाईसाठी इथली माणसं देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात जाऊन राहतात, त्यात मलेरिया वर्षभर ठाण मांडून असलेले प्रदेशही येतात. पलीकडे साताऱ्याच्या खटाव-माणमधली मुलं फौजेत जातात आणि जंगलातल्या चौक्यांवर राहून येतात. या दोन्ही वाटांनी मलेरिया आपल्या कोरड्या माणदेशातही पोचतो. सुट्टीवर आलेला माणूस हुडहुडी भरून तापाने फणफणतो, स्लाइड पॉझिटिव्ह येते, औषध सुरू होतं, दोन-तीन दिवसांत ताप जातो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत मात्र जिना चढताना धाप लागते, डोळे पिवळसर दिसतात आणि हिमोग्लोबिन तपासलं तर ते तापात होतं त्याहूनही खाली गेलेलं निघतं. घरातलं निदान ठरलेलं असतं: गोळ्या उष्ण पडल्या, रक्त आटलं. मग उरलेल्या गोळ्या बंद.

ही समजूत मला फार घातक वाटते, कारण तिच्यातलं निरीक्षण खरं आहे. औषधानंतर रक्त खरोखर कमी होऊ शकतं. पण ते का कमी होतं हे समजलं की गोळ्या बंद करण्याचा विचार मनात येणार नाही.

सुरुवात तांबड्या पेशीपासून करू. आपल्या शरीरात अशा सुमारे २५ लाख कोटी पेशी असतात. प्रत्येकीचं आयुष्य १२० दिवसांचं, त्यामुळे अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या पेशी तयार कराव्या लागतात. या पेशीला केंद्रक नसतं, म्हणजे बिघडलेला भाग दुरुस्त करण्याची सोयही नसते. सगळी जागा हिमोग्लोबिनला दिलेली. मलेरियाचा परजीवी नेमका इथे घुसतो. आत राहून तो हिमोग्लोबिनच खातो, ४८ तासांत वाढतो, त्याची अनेक पिल्लं होतात, पेशी फुटते आणि पिल्लं नव्या पेशींत शिरतात. पेशी एकदम फुटतात तेव्हाच ती ओळखीची थंडी वाजते.

आता हिशेब करून पाहा. स्लाइडवर शंभरातली एक पेशी बाधित दिसली, तर तो कमी प्रादुर्भाव नव्हे. पण फक्त बाधित पेशीच फुटत असतील तर १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या माणसाचं एका फेरीत जेमतेम ०.१४ ग्रॅम जायला हवं. प्रत्यक्षात काही दिवसांतच दोन-तीन ग्रॅमची घट दिसते. बाकीचं कुठे गेलं? फॅल्सिपेरम या जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियात एका बाधित पेशीमागे साधारण आठ निरोगी पेशी नष्ट होतात असा अंदाज आहे. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीत हा आकडा तीसच्या वर जातो. व्हायवॅक्स फक्त कोवळ्या पेशींत शिरतो, म्हणून स्लाइडवर तो थोडाच दिसतो, तरी माणूस पांढराफटक पडतो तो यामुळे. फुटलेल्या पेशीतून सांडलेली परजीवीची प्रथिनं आणि हिमोग्लोबिनचे विषारी तुकडे शेजारच्या निरोगी पेशींवर चिकटतात, त्यांचं आवरण ताठर होतं, त्यांच्यावर प्रतिपिंडं बसतात, आणि प्लीहा त्यांना बाद ठरवते. त्याच वेळी अस्थिमज्जेचं कामही मंदावलेलं असतं. भरीला, तापात शरीर कोरडं पडल्यामुळे रक्त दाट झालेलं असतं. सलाईन लावल्यावर ते पातळ होतं आणि आधीच झालेली घट रिपोर्टात उघडी पडते. ताप उतरल्यावर पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिन घसरताना दिसतं, त्याचा बराचसा खुलासा इथेच होतो.

प्लीहेला आपल्याकडे पाणथरी म्हणतात. जुनी माणसं हिवतापाच्या रोग्याच्या डाव्या बरगडीखाली हात घालून "पाणथरी वाढलीय" असं सांगत, आणि ते बरोबरही असे. हा अवयव मला शरीरातल्या सगळ्या अवयवांत विलक्षण वाटतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो.

प्लीहेत रक्ताचा काही भाग नळीतून वाहत नाही, तो ऊतीत मोकळा सोडला जातो. परत रक्तवाहिनीत यायचं तर पेशीला भिंतीतल्या फटींमधून जावं लागतं. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद आणि फट तिच्यापेक्षा कितीतरी अरुंद, एक-दोन मायक्रोमीटरची किंवा त्याहूनही कमी. लवचीक पेशी लांबट होऊन निसटते. म्हातारी, ताठर पेशी अडकते आणि तिथे टपून बसलेल्या भक्षक पेशी तिला गिळतात. एवढंच असतं तरी ती मोठी चोख तपासणी म्हटली असती. पण प्लीहा याहून नाजूक काम करते. पेशी लवचीक आहे, पण तिच्या पोटात काहीतरी कडक आहे, असं झालं तर? पेशीचा पुढचा भाग फटीतून सरकतो, कडक भाग मागे अडतो, आणि सीताफळ खाताना आपण गर आत ठेवून बी वेगळी काढतो तशी प्लीहा ती कडक वस्तू काढून घेते. पेशीचं आवरण पुन्हा मिटतं आणि पेशी रक्तात परत जाते. हे रोज चाललेलं असतं. नव्या तांबड्या पेशींत कधीकधी केंद्रकाचा बारीक ठिपका राहून जातो, तो प्लीहा असाच काढते. अपघातात प्लीहा काढावी लागलेल्या माणसाची स्लाइड पाहिली तर हे जांभळे ठिपके पेशींमध्ये तसेच पडून राहिलेले दिसतात.

मलेरियाचा परजीवीही प्लीहा असाच उपसून काढते. १९७० च्या दशकात माकडांच्या प्लीहेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य दिसलं. पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी प्लीहा शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यांच्यातून बाधित रक्त फिरवलं आणि औषधाने मेलेले परजीवी पेशीतून बाहेर काढले जाताना पाहिले. थायलंडमधल्या रुग्णांवरून आणखी एक पुरावा मिळाला: प्लीहा नसलेल्या माणसांत औषधानंतर परजीवी मरतात, पण त्यांची प्रेतं पेशींत घेऊन त्या पेशी पुढे बरेच दिवस रक्तात फिरत राहतात.

आता औषधाकडे येऊ. चीनच्या तू योयो यांनी १९७२ मध्ये एका दवण्याच्या जातीच्या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळं केलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंची एक जोडी असते. परजीवीने हिमोग्लोबिन खाल्लं की त्यातलं लोह असलेलं हीम मोकळं होतं. ते लोह ही जोडी तोडतं आणि तयार होणारे आक्रमक तुकडे परजीवीच्या प्रथिनांची वाताहत करतात. म्हणजे परजीवी जे खातो, तेच औषधाला पेटवतं.

जुनं क्विनीन मोठ्या झालेल्या परजीवीवर चालतं. आर्टेमिसिनिनपासून बनवलेलं आर्टेसुनेट कोवळ्या, अंगठीच्या आकाराच्या अवस्थेतच परजीवीला मारतं. फरक लहान वाटतो, पण परिणाम फार मोठा आहे. फॅल्सिपेरमची कोवळी अवस्था रक्तात फिरत असते, मोठी झालेली मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्यांना चिकटून बसते. चिकटण्याआधी मारलं तर जीव वाचतो. आशियातल्या चार देशांत, त्यात भारतही होता, झालेल्या २००५ च्या चाचणीत गंभीर मलेरियाच्या रुग्णांपैकी क्विनीनवर २२ टक्के दगावले, आर्टेसुनेटवर १५ टक्के. त्यानंतर शिरेतून क्विनीन देणं मागे पडलं.

आणि इथेच उशिरा उतरणाऱ्या रक्ताचं रहस्य आहे. आर्टेसुनेटने मेलेली कोवळी अंगठी प्लीहा उपसून काढते आणि पेशी परत पाठवते. एरवी फुटून गेलीच असती, अशी पेशी वाचते. पण उपसण्यात तिच्या आवरणाचा थोडा भाग गेलेला असतो. पृष्ठभाग घटला की ती गोलसर होते आणि तिला वाकणं जमत नाही. १२० दिवसांऐवजी ती आठवडा-दोन आठवडे काढते. गंभीर मलेरियात अशा पेशी पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदमच तयार होतात, त्यामुळे त्या जातातही जवळपास एकदम, औषध सुरू झाल्यापासून एक ते चार आठवड्यांच्या दरम्यान. शिरेतून आर्टेसुनेट घेतलेल्या आणि रक्तात परजीवी खूप असलेल्या रुग्णांत हे ठळकपणे दिसतं. या दोन गोष्टींचा संबंध २०१४ मध्ये मोजून दाखवला गेला: वाचवलेल्या पेशी जितक्या जास्त, तितकी नंतरची घसरण मोठी. पहिल्या आठवड्यात ज्या पेशी रुग्णाला तगवून धरतात, त्याच पुढे जातात. बहुतेकांची घट आपोआप भरून निघते, काहींना रक्त चढवावं लागतं.

या वाचवलेल्या पेशींमुळे आणखी एक घोटाळा होतो. परजीवी गेला तरी त्याची प्रथिनं पेशीत मागे उरतात. फॅल्सिपेरमसाठी बोटाच्या थेंबावर करायची झटपट किट बहुधा यांतलंच एक प्रथिन शोधते, म्हणून ती बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यावरून औषध लागू पडलं नाही असं ठरवू नये. त्यासाठी स्लाइडच पाहावी लागते.

गोळ्यांनी थेट रक्त फुटण्याचा एक प्रकार मात्र खरोखर आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना मारायला प्रायमाक्वीन लागतं, आपल्याकडे ते १४ दिवस देतात. हे औषध तांबड्या पेशीत ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण करतं. निरोगी पेशी जी-सिक्स-पीडी या विकराच्या जोरावर ग्लुटाथायोन नावाचा रेणू सतत ताजा ठेवते आणि हा ताण सोसते. ज्यांच्यात हे विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या पेशीतलं हिमोग्लोबिन गोठून त्याचे कडक गोळे होतात. प्लीहा तेही उपसायला जाते, आणि स्लाइडवर कडा चावल्यासारख्या पेशी दिसू लागतात. लघवी गडद तपकिरी होते. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून पुरुषांत जास्त आढळतो. भारतात आढळणाऱ्या त्याच्या एका प्रकाराच्या नावात आपलं कल्याणही आहे. तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. प्रायमाक्वीन सुरू करण्याआधी ती करून घ्यायचा आग्रह धरा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला हे औषध देत नाहीत.

पिवळ्या डोळ्यांबद्दल बोलायलाच हवं. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन बनतं आणि डोळे पिवळे होतात. आपल्याकडे अशा रुग्णाला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. तो हात धुऊन घेतो आणि पाणी पिवळं होतं. आंब्याच्या सालीचा रस हाताला लागला असेल आणि पाण्यात चुन्याची निवळी असेल तर कुणाच्याही हाताचं पाणी पिवळं होतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवलं आहे. ही चळवळ उभी करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. त्यांचा खून झाला तो २० ऑगस्ट, आणि १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी सापडला तोही २० ऑगस्टच. कावीळ उतरवण्यात गेलेले चार दिवस हिमोग्लोबिन घसरतच असतं.

आटपाडीचं डाळिंब मला प्रिय आहे, पण "रक्त वाढतं" म्हणून त्याच्या रसावर विसंबू नका. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह असतं जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. शिवाय मलेरियात रक्त शरीराबाहेर वाहून जात नाही. पेशी मोडतात त्या बहुतांशी प्लीहेत आणि यकृतात, त्यांचं लोह शरीरातच राहतं. आजारात हेपसिडिन नावाचं संप्रेरक ते कोठारात अडकवून ठेवतं, इतकंच. म्हणून ताप उतरल्या उतरल्या स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करण्यातही फारसा लाभ नाही. जेवण नेहमीचं, पोटभर घ्यावं.

शिरेतून आर्टेसुनेट घेऊन सांगली-मिरजेच्या दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाने पुढचे चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासावं. सोबत रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशींचा, आकडाही मागून घ्यावा. हिमोग्लोबिन थोडं खाली असलं तरी हा आकडा चढत असेल, तर अस्थिमज्जा कामाला लागली आहे. तो चढत नसेल, लघवी गडद झाली असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि मलेरियावर कोणतं औषध किती दिवस घेतलं त्याचा कागद बरोबर न्यावा.