भाजलेल्या भोपळ्या-सफरचंदाचं सूप: आमचा सूप मसाला घरी वापरताना

या सूपची चव ओव्हनच्या ट्रेमध्येच ठरते. भोपळा नीट भाजला तर मसाला थोडाच पुरतो. तो नुसता वाफेवर शिजला तर अख्खं पाकीट घातलं तरी सूप मिळमिळीतच होतं.

चार जणांसाठी: सोललेला लाल भोपळा ५०० ग्रॅम, एक गाजर, एक मोठा कांदा, लसणाच्या ६ पाकळ्या, एक आंबटसर सफरचंद, २ मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा मीठ, साधारण ७०० मिली गरम पाणी आणि आमचा मसाला २ छोटे चमचे.

मंडईत भोपळ्याची फोड घेताना गर बघा. गडद केशरी आणि घट्ट हवा. फिकट, दोरे सुटलेला भोपळा पाणी सोडतो आणि भाजला जात नाही.

भोपळा, गाजर आणि कांद्याच्या इंचभर फोडी करा, धुतल्या असतील तर फडक्याने कोरड्या पुसा, मग तेल-मीठ चोळा. फोडी एकमेकींना खेटून ठेवू नका. ट्रे भरगच्च झाला की वाफ अडकते. छोट्या ओटीजीत सरळ दोन खेपा करा. ओटीजी १० मिनिटं आधी तापवा. २०० अंश, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, एकूण ३५ ते ४० मिनिटं. लसूण सालासकटच ठेवा. सोललेला करपून कडू होतो. सफरचंदाच्या फोडी १५ मिनिटांनंतर घाला, आधी घातल्या तर त्यांचा लगदा होतो आणि रस ट्रेवर जळतो. कडा तपकिरी झाल्या, सुरी सहज आरपार गेली, की झालं. ओटीजी नसेल तर बिडाच्या कढईत मध्यम आचेवर थोड्या थोड्या फोडी परता.

ट्रेला चिकटलेला तपकिरी थर धुऊन टाकू नका! त्यावर अर्धी वाटी गरम पाणी ओता, लाकडी उलथण्याने खरवडा आणि ते पाणी सूपात घाला. सगळ्यात जास्त चव तिथे असते.

पाकिटातले धणे, जिरे, मिरे, दालचिनी आणि सुंठेचे तुकडे कच्चे आहेत. मंद आचेवर जिरं जरा गडद होईपर्यंत भाजा, पूर्ण गार करून दळा. पूड ट्रेमधल्या भाज्यांवर भुरभुरू नका, तेवढ्या वेळात ती जळते. चमचाभर तुपात दहा सेकंद परतायची आणि लगेच वाटलेलं सूप ओतायचं.

वाटण्याआधी लसूण सालीतून पिळून काढा आणि सगळं पंधरा मिनिटं निवू द्या. गरम सूपची वाफ मिक्सरचं झाकण उडवते आणि हात भाजतो. भांडं अर्ध्याहून कमी भरा. मग पाणी घालून पाच-सात मिनिटं उकळा.

दूध घालायचा मोह टाळा. सफरचंदाच्या आंबटपणाने ते फाटू शकतं. गॅस बंद करून अर्धी वाटी नारळाचं दूध घाला. सूप फार गोड लागलं तर लिंबू, आंबट लागलं तर सुपारीएवढा गूळ.

नारळाचं दूध न घातलेलं सूप फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. गार झाल्यावर दाटतं, म्हणून गरम करताना पाणी घाला. उरलेली पूड घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, पंधरा दिवसांत संपवा.